मुधोळ कुत्रीला टाक्यांवर घालायला काय बेतू? टी-शर्ट टिकत नाही

बावड्याची शिवणकरीण (कोल्हापूर)

ब्लाऊजच्या मुंढ्याला चुण्या का पडतात, कटोरी खाली का सरकते, असल्या प्रश्नांना मी इथं बऱ्याचदा उत्तरं दिली आहेत. आज माझंच अडलंय. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय माप कळणार नाही.

आमची हरणी मुधोळ जातीची, नऊ वर्षांची, वजन २१ किलो. पोटाखाली सडांच्या ओळीत उजव्या बाजूला गाठ आली होती. आंघोळ घालताना पहिल्यांदा हाताला लागली तेव्हा वाटाण्याएवढी होती, दोन महिन्यांत लिंबाएवढी झाली. गेल्या गुरुवारी ऑपरेशन करून काढली. अकरा टाके आहेत. बाराव्या दिवशी काढायचे, तोवर तिथं तिची जीभ लागू द्यायची नाही, एवढं एकच पथ्य. आणि तेच आम्हाला जमेना झालंय.

दवाखान्यातून गळ्यात घालायला प्लास्टिकचा भोंगा दिला होता. ज्यांच्या घरी मुधोळ किंवा कारवान आहे त्यांना ठाऊक असेल, या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा रुंद नसतंच. साधा पट्टासुद्धा मागं ओढ घेतली की कानांवरून सुटून येतो. भोंगा तिनं पहिल्याच रात्री काढून टाकला. घट्ट आवळला तर पाणी पिताना ठसका लागला. मग आम्हीच काढून ठेवला.

मग मी शिवायला बसले. आधी मिस्टरांचा होजिअरीचा टी-शर्ट घेतला. पुढचे पाय बाह्यांतून काढले, खालची कड कमरेवर गाठ मारून बांधली. उभी होती तोवर बरा दिसला. चार पावलं चालली तशी बाह्यांची भोकं मागं ओढली गेली, दहा मिनिटांत बगलेतली कातडी लाल. पोटाशी एवढा झोळ सुटला की मान वळवून तिनं तोंड सरळ आत घातलं. दुसऱ्या खेपेला कमरेत इलॅस्टिक घातलं. तासाभरानं काढून बघितलं तर वळ उठलेला. या जातीची कातडी फार पातळ, खाली चरबी नावाला नाही. इलॅस्टिक आता परत लावणार नाही.

मापं अशी आहेत. मान १४ इंच. छाती, पुढच्या पायांच्या लगेच मागं, २७. कंबर, सगळ्यात बारीक जागी, १८. मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ २५. पुढच्या दोन पायांमध्ये खालून जेमतेम ४ इंच. छाती आणि कमरेत नऊ इंचांचा फरक आहे. शिवाय छाती नावेच्या तळासारखी खाली उतरलेली आणि पोट एकदम वर खेचलेलं. तयार कोट मी मागं एकदा मागवला होता तो छातीला बसेना, आणि छातीचा घेतला तर कमरेला दोन कुत्री मावतील एवढा ढगळ. गल्लीत नवीन माणूस आलं की "खायला घालत नाही व्हय?" असं अजूनही विचारतं. २००५ साली डाकखात्यानं तिकिटावर छापलेली जात आहे ही, अशीच असते, हे मी नऊ वर्षं सांगतेय.

मशीन माझं काळं पायमशीन आहे. सरळ टीप पडते, झिगझॅग नाही. होजिअरी ताणली की टीप तटकन तुटते, हीसुद्धा अडचण आहे.

समोर गौरीची चौदा ब्लाऊज पडलीत, एक पैठणी, दोन इरकली. गौरीला वेळ आहे अजून, मी कुणाचं काम कधी चुकवलेलं नाही. पण काल एका बाईंनी फोनवर "कुत्र्यापायी आमचं मागं ठेवलं काय" असं विचारलं आणि मला फार लागलं. हरणी दोन महिन्यांची असल्यापासून माझ्या मशीनखाली झोपते. पायडलच्या डाव्या अंगाला, चाकापासून लांब. टीप चालू असली की डोळे मिटलेले. दोरा तुटून मशीन थांबलं की मान वर करून माझ्याकडं बघते, परत सुरू झालं की मान खाली. २०१९ च्या पुरात पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा मशीनचं वरचं मुंडकं आणि हरणी एवढंच घेऊन आम्ही राजारामपुरीत बहिणीकडं गेलो होतो. बाकीचं सगळं माळ्यावर टाकलं होतं. आता चार दिवस झाले, ती मशीनखाली येत नाही. भिंतीकडं तोंड करून पडून असते.

रात्री मी आणि सासूबाई आळीपाळीनं तिच्याजवळ बसतो. "तू झोप जा, मी बसतो हिच्यापाशी," असं म्हणतात आणि पाटावर बसून माळ ओढत राहतात. ८१ वय आहे त्यांचं, किती रात्री बसवायचं?

तर, अंगाला लागून बसेल, बगलेत कापणार नाही, पोटाशी झोळ येणार नाही, आणि सरळ टिपेच्या मशीनवर शिवता येईल असं काय बेतू? कुणी केलं असेल तर कापण सांगा.

धागादोरा (पुणे)

ताई, टी-शर्ट उलटा घालून बघितला का? म्हणजे त्याची पाठ कुत्र्याच्या पोटाखाली आणि पुढचा गळा वर. माणसाचा गळा पुढं खोल असतो, कुत्र्याची मान वरच्या बाजूला असते, त्यामुळं असा उलटा नीट बसतो. आमच्या लॅब्राडॉरला नसबंदीनंतर दहा दिवस दोन टी-शर्टांवर काढले, एक धुवायला, एक अंगात. आणि होजिअरीसाठी बॉलपॉइंट सुई लावा, टाका बारीक करा, शिवताना कापड हलकं ताणून धरा. दोरा सुती नको, पॉलिस्टर. सरळ टीपसुद्धा बऱ्यापैकी टिकते.

बावड्याची शिवणकरीण

उलटा घालून आत्ता बघितला. गळा खरंच बरा बसला, धन्यवाद. पण झोळ आहे तसाच. लॅब्राडॉर सगळीकडून सारखा गोल, त्याला चालेल. हिचं अंग टी-शर्टाचं नव्हेच. सुईचं मात्र लक्षात ठेवते.

मिरजेची आक्का (मिरज)

पोरी, एवढी मोठी शिवणकरीण तू, आणि टी-शर्टाच्या मागं कुठं लागलीस? झबलं शिव की.

तान्ह्या पोराला आपण काय घालतो? समोरनं आखंड, पाठीवर उघडं, बंदानं बांधायचं. का? कारण पोर पालथं-उताणं होतं, त्याच्या पोटावर शिवण नको, गाठ नको, डोक्यावरनं काढायची मारामार नको. तुझ्या हरणीला तेच पायजे. डोक्यावरनं काही घालू नको, तिला दुखतंय. खालनं पोटाखाली सरकव, पुढचे पाय भोकातनं काढ, पाठीवर बांध. झालं.

कापड नवीन घेऊ नको. आमच्या घरात पहिलं झबलं आजीच्या जुन्या लुगड्याचं नाहीतर आजोबांच्या धोतराचं असायचं. धुऊन धुऊन कांजी गेलेलं असतं, टोचत नाही. मी सहा नातवंडांची शिवलीत, सगळी हातशिलाईनं.

इचलकरंजीचा टेलर (इचलकरंजी)

आक्का बरोबर बोलल्या. त्याला जोड देतो. मी लेडीज टेलर, बत्तीस वर्षं झाली, आणि घरात कारवान आहे. त्याला थंडीचा कोट शिवताना तीन वाया घालवले तेव्हा कळलं, ते सांगतो.

पहिलं, पायाची भोकं. माणसाचे हात खांद्याच्या बाजूला, म्हणून मुंढा बाजूला. कुत्र्याचे पाय अंगाच्या खाली. त्यामुळं भोकं बाजूला ठेवलीत की कापड बगलेत दाटणारच, तुमच्या टी-शर्टचं तेच झालं. भोकं पोटाच्या भागात आणा. पोटाच्या मधोमध घडी धरा, घडीपासून २ इंचांवर भोक सुरू. म्हणजे दोन्ही मिळून मधे ४, तुमच्या मापाला बरोबर. भोक गोल नको, लांबट. साडेतीन इंच रुंद, ५ इंच लांब. पायाचा घेर भरून बोटभर जागा राहिली पाहिजे.

दुसरं, कापड उरेब कापा, म्हणजे धाग्याला तिरकं. ताणाचं कापड नसलं तरी उरेबात ताण मिळतो आणि सरळ टिपेला चालतं. ताई, तुम्ही कटोरीला आणि गळ्याच्या पट्टीला रोज उरेब वापरता, इथं सगळा अंगरखाच उरेब.

तिसरं, छाती-कमरेचा फरक. नऊच्या नऊ इंच पाठीच्या कडेतून उतरवू नका, बंद वाकडे ओढले जातील. निम्मा उतार पाठीच्या दोन्ही कडांना द्या. उरलेला दोन लांब टक्समध्ये, म्हणजे निमुळत्या चुण्यांत घ्या, एकेक बाजूला. टक्स मागच्या कडेपासून सुरू करून बरगडी संपते तिथं शून्यावर आणा. टाके मधोमध खाली आहेत ना? टक्स कुशीवर येतात, टाक्यांना लागत नाहीत. पाठीवर एकावर एक यायला ३ इंच जास्त धरा.

शिवण सगळी बाहेरच्या अंगाला. आत सपाट. माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, इंचभर ठेवा, सैल करायला लागलं तर असावी. सूज उतरली की टक्स आत घ्यायला लागतील. आधी वर्तमानपत्रावर कापून कुत्रीच्या अंगाला लावून बघा, मग कापडाला कात्री.

बावड्याची शिवणकरीण

काय लिहू कळेना. आक्का, तुमचं वाचून मी पाच मिनिटं तशीच बसले. माझ्या दोन्ही पोरांची झबली मी स्वतः शिवलीत आणि मला सुचलं नाही.

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या उठल्या, ट्रंक उघडली आणि तळातनं एक चादर काढली. सासरे शाहू मिलमध्ये होते. शाहू महाराजांनी १९०६ साली उभी केलेली गिरणी ती, आता बंद आहे, पण आमच्या घरात तिथल्या मांजरपाटाच्या दोन चादरी अजून आहेत. नवं असताना हे कापड किती खरखरीत असतं ठाऊक आहे ना? ही चादर सायीसारखी झालीय. मी म्हटलं, आई, मामंजींची आठवण आहे, नको. तर म्हणाल्या, "हरणीच्या अंगावर पडली तर त्यास्नीच बरं वाटंल. हरणीला कोण घेऊन आलं होतं?" आणणारे मामंजीच होते. सायकलच्या पिशवीत घालून आणलेली, कान तेवढे बाहेर.

आधी वर्तमानपत्र. हरणी उभी राहीना, मग ती पडल्या जागीच माझ्या मुलीनं कागद धरला आणि मी पेन्सिलीनं कोपराची जागा मारली. चादरीची सरळ कड आडव्या धाग्याला जुळवून तिरकी घडी घातली, कागद लावला, खडूनं आखलं. टेलरदादा, तुमच्या मापात मी एकच बदल केला. पहिल्यांदा घालून बघताना भोक तिच्या कोपराला मागच्या बाजूनं घासत होतं, म्हणजे पाय मागं जाताना. तिथं मागच्या कडेला अर्धा इंच वाढवलं, पुढं काही केलं नाही. कुत्रं एका जागी असताना माप घेतलं की ही चूक होते, चालताना पाय कुठवर मागं जातो ते धरावं लागतं. पुढच्या कुणाला उपयोगी पडेल.

गळ्याला आणि भोकांना उरेब पट्टी, तीही बाहेर वळवलेली. आतून हात फिरवला तर कुठं उंचवटा लागत नाही. पाठीवर पाच बंद. बंद मी त्याच कापडाचे शिवले, रेडीमेड नाडी लावली नाही, ती गोल असते आणि गाठ सैल होते. चपट्या बंदाची गाठ बसते. मुळाशी चौकोनात चार टिपा मारून मधे फुलीची टीप घेतली, ओढून निघू नये म्हणून. पाचवा बंद कमरेच्या मागं आहे, तो शू करायला नेताना तेवढा सोडायचा आणि मागचा भाग वर खोचायचा. मागची कड खालून मी शेपटीपासून बरीच आत ठेवलीय, त्यामुळं बहुतेक वेळा सोडावाही लागत नाही.

रात्री साडेनऊला घातलं. तिनं मान वळवून कुशीपाशी नाक लावलं, कापडाचा वास घेतला, बराच वेळ घेतला. ओढायला बघितलं नाही. मग उठली, हळूहळू चालत मशीनखाली आली आणि नेहमीच्या जागी गोल करून पडली. मी पैठणीचं ब्लाऊज घेतलं आणि बाहीची टीप मारायला लागले. सासूबाई बघत होत्या, पदर डोळ्याला लावला त्यांनी.

दवाखान्यात ड्रेसिंग करणारी (सांगली)

फार सुंदर झालंय. मी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसिंगचं काम करते, म्हणून दोन गोष्टी काळजीनं सांगते.

झबलं घातलं म्हणजे जखम बघायची नाही असं होऊ देऊ नका. दिवसातून दोनदा सोडून उजेडात बघा. टाक्यांच्या कडेला लाली वाढतेय का, पाणी किंवा पू येतोय का, हात लावला तर गरम लागतंय का. काही दिसलं तर बाराव्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. कापड ओलं झालं की लगेच बदला, सध्याच्या हवेत ओलं कापड जखमेला चिकटून राहणं वाईट. त्यामुळं एकावर भागणार नाही, दोन तरी हवीत. आणि काढलेली गाठ तपासायला पाठवली आहे का, ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

दुसरी गोष्ट तुमच्याकडं मशीन आहे म्हणून. दोऱ्याला जपा. सुई गिळली की लोक धावत येतात, दोरा गिळला तर "जाईल बाहेर" म्हणून थांबतात. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकलं आणि बाकीचा आतड्यात उतरला की आतडं त्या दोऱ्यावर गोळा होत जातं. धावदोरा घालून दोरा ओढल्यावर कापडाला चुण्या पडतात ना, अगदी तसं. मग तो दोरा आतडं कापतो. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, कापायचाही नाही, तसंच घेऊन यायचं. ऑपरेशननंतर पडून पडून कुत्री नको ते चघळायला लागतात, म्हणून आत्ताच सांगितलं.

बावड्याची शिवणकरीण

ताई, चुण्यांचं वाचून अंगावर काटा आला. मी सुयांना फार जपते, लोहचुंबक फिरवल्याशिवाय रात्री दिवा घालवत नाही, पण तुटके दोरे मशीनच्या पायाशीच पडू देत होते. हरणी जिथं झोपते तिथंच. वाचल्या वाचल्या उठून झाडलं. आता मशीनच्या कडेला कापडी पिशवी अडकवलीय, दोरा तुटला की पहिला तिच्यात. बॉबिनसुद्धा डब्यात, झाकण लावून. गाठ पुण्याला तपासायला गेलीय, अहवाल यायचाय.

दुसरं झबलं त्याच चादरीतनं निघालं. यावेळी कापायला वीस मिनिटं आणि शिवायला तासभर. सूज उतरल्यामुळं पहिल्याच्या टक्समध्ये अर्धा अर्धा इंच आत घेतला, आत घ्यायला लागेल हे आधी सांगितलंत ते किती बरं झालं.

आणि तो फोन केलेल्या बाई काल ब्लाऊजच्या मापाला घरी आल्या. हरणी मशीनखालून उठून बाहेर आली, झबल्यात. बाई खाली बसल्या, बंद बघितले, उलटून आतली शिवण बघितली. मग म्हणाल्या, आमच्या शेजारी एक गावठी कुत्री आहे, नसबंदी करायची ठरलंय, तिला असलं शिवून द्याल का. मी होय म्हटलं. पैसे घेणार नाही म्हटलं, जुनी चादर तेवढी आणा. तिचं अंग वेगळं असणार, मापं आली की इथंच कापण टाकते, टेलरदादा, तुम्ही एकदा नजर घाला.

पावसानं मात्र पाठ धरलीय. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकतंय म्हणून गल्लीत सगळे दर तासाला फोन बघतायत. आम्ही मशीनच्या मुंडक्याचे स्क्रू तेल घालून सैल करून ठेवलेत, लागलं तर उचलायला.

उद्या सकाळी टाके काढायला न्यायचंय. धुतलेलं झबलं कालपासून स्वयंपाकघरात दोरीवर आहे, या हवेत वाळेना. रात्री इस्त्री फिरवून घेते, तिला गरम गरम घालते.